पीक पाहणी : नोंद केली, पण पोहोचली काय?

भातकापणी आटोपते, खळ्यावर झोडणी सुरू होते, खाचरांतील ओल मात्र अजून टिकून असते. अशा वेळी अलिबाग तालुक्याच्या उत्तर किनाऱ्यावर, मांडव्यापासून थेट किहीमपर्यंतच्या गावांत, वाल पेरण्याची एकच घाई उडते. तालुक्यातील कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूस पांढऱ्या कांद्याची तयारी चालू असते. ओल हातची गेली तर हंगाम गेला, हे येथील शेतकऱ्यास कोणी सांगावयास नको. परंतु याच सुमारास आणखी एक काम त्याच्यापुढे येऊन उभे राहते व त्याकडे मात्र तो तितक्या तत्परतेने पाहत नाही. ते काम म्हणजे रब्बीच्या पीक पाहणीची नोंद होय.

पूर्वी ही नोंद तलाठी आपल्या दप्तरात करीत असे. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर सुरू झाले आणि आपल्या शेतातील पिकाची नोंद आपल्याच मोबाईलवरून करण्याचा अधिकार खातेदारास मिळाला. ॲप कसे उघडावे, कोणते बटण दाबावे, ही माहिती पत्रकांतून व सभांतून वारंवार दिली गेली आहे. तिची पुनरुक्ती येथे करावयाची नाही. नोंद पुरी झाली असे केव्हा समजावे, या एकाच गोष्टीविषयी गावपातळीवरील कार्यकर्त्यांपुढे व शेतकरी बंधुभगिनींपुढे आमचे मत मांडावयाचे आहे. कारण या एकाच ठिकाणी पुष्कळांचे श्रम वाया जाताना आम्ही पाहिले आहेत.

एक उदाहरण देतो. आमच्या परिचयाचे एक वयस्क शेतकरी आहेत. डोंगराच्या पायथ्याशी त्यांचा वालाचा तुकडा आहे. तेथे मोबाईलला रेंज मिळत नाही. ते स्वतः शेतात गेले, पिकाचा फोटो काढला, क्षेत्र भरले आणि अखेरचे बटण दाबून समाधानाने घरी आले. ही माहिती फोनमध्ये साठली होती. ती पुढे गेली नव्हती. दोन दिवसांनी फोनची जागा भरली म्हणून नातवाने काही ॲप काढून टाकली. त्यांत हेही गेले. पुढे अवकाळी पावसाने वालाचा फुलोरा झडला. नुकसानीची चौकशी आली तेव्हा सातबारावर त्या तुकड्यापुढे रब्बीचे कोणतेच पीक नव्हते. “अहो, मी तर बटण दाबले होते,” एवढेच काका पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. ते खोटे बोलत नव्हते. त्यांनी पेरणी केली होती, पाहणी केली होती, नोंदही केली होती. फक्त ती पोहोचली नव्हती.

असे का व्हावे, हे समजण्यासाठी या व्यवस्थेचे काम कसे चालते ते थोडक्यात ध्यानात घेतले पाहिजे. त्यात तीन क्रिया आहेत. पहिली, नोंद आणणे. आपण गाव व खाते निवडतो तेव्हा मध्यवर्ती संगणकावरील दप्तरातून आपले नाव, गट क्रमांक व क्षेत्र फोनमध्ये येते. दुसरी, नोंद बदलणे. आलेल्या माहितीत आपण हंगाम, पीक, क्षेत्र, पेरणीची तारीख, पाण्याचे साधन व फोटो यांची भर घालतो. तिसरी, नोंद जतन करणे. येथेच घोटाळा होतो; कारण जतन दोन ठिकाणी होते. प्रथम माहिती आपल्या फोनमध्ये साठते. त्यानंतर रेंज असेल तेव्हा ती अपलोड होऊन मध्यवर्ती दप्तरात जाते. ही दोन कामे भिन्न आहेत. मांडव्याच्या धक्क्यावर बोटीत माल चढविला म्हणजे तो मुंबईस भाऊच्या धक्क्यावर उतरला असे कोणी समजत नाही. मधली खाडी व समुद्र ओलांडावयाचा असतो आणि पलीकडे उतरलेला माल मोजून घ्यावयाचा असतो. फोनमधील नोंदीचेही तसेच आहे.

या तिन्ही क्रियांत आपल्याकडे कोठे चुका होतात ते क्रमाने पाहू.

नोंद आणल्यावर ती वाचली पाहिजे. शेतकरी आपले शेत नावाने ओळखतो. वडाकडचे, बांधालगतचे, खाडीकडचे अशी त्याची नावे असतात. दप्तर मात्र शेतास गट क्रमांकानेच ओळखते. किनाऱ्यावरील खातेदारांच्या जमिनी लहान लहान तुकड्यांत विखुरलेल्या असतात व एका खात्यावर चार-पाच गट सहज निघतात. घाईत पहिला दिसेल तो गट निवडला की वाल एका गटात व त्याची नोंद दुसऱ्यात, असे होते. हंगामाच्या बाबतीतही हेच घडते. ज्या खाचरात पावसाळ्यात भात होते त्याच खाचरात आता वाल किंवा कांदा आहे. तेव्हा खरीप व रब्बी यांची निवड चुकली तर नोंद असूनही ती कामाची राहत नाही. सबब काहीही भरण्यापूर्वी फोनवर आलेले नाव, गट क्रमांक, क्षेत्र व हंगाम हे चार तपशील मोठ्याने वाचावेत. शक्य तर जवळ सातबाराचा उतारा असावा व दोहोंचा मेळ घालावा. शेताच्या नावापुढे गट क्रमांक लिहिलेला एक कागद प्रत्येक घरात चिकटविलेला असेल तर हे काम फारच सोपे होईल.

नोंद बदलताना सर्वांत मोठी चूक क्षेत्राची होते. आपला सारा व्यवहार गुंठ्यांत चालतो. दप्तर हेक्टर व आर यांत चालते. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर व एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. म्हणजे गुंठा व आर जवळ जवळ सारखेच. आणि १०० आरांचा एक हेक्टर. म्हणून १८ गुंठ्यांचा तुकडा ०.१८ हेक्टर असा भरावयाचा. त्याच्या जागी ०.०१८ असे पडले तर अठरा गुंठ्यांचे पावणेदोन गुंठेच होतात, आणि मदत किंवा खरेदी यांचा हिशेब पावणेदोन गुंठ्यांवरच होतो. एका शून्याची ही किंमत आहे. संपूर्ण तुकड्यात पीक नसेल तर जेवढ्यात आहे तेवढेच क्षेत्र भरावे व उरलेले पड म्हणून दाखवावे. वाडीत नारळ, सुपारी व त्यांच्या आधाराने मिरी अशी एकत्र लागवड असते. तेथे एकच पीक दाखवून मोकळे होऊ नये, मिश्र पिकाप्रमाणे नोंद करावी.

वाडीविषयी येथे थोडे अधिक सांगितले पाहिजे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले व नारळी-पोफळीच्या बागांची अपरिमित हानी झाली. पोफळ लावल्यापासून उत्पन्न येण्यास कित्येक वर्षे लागतात आणि पडण्यास एक सकाळ पुरते. पडलेली झाडे तोडून रस्ता मोकळा केल्यावर तेथे काय होते हे सांगणारा साक्षीदार कोण? शेजारी सांगेल, परंतु शेजाऱ्याची वाडीही त्याच वादळात झोपलेली असते. अशा प्रसंगी वादळापूर्वी शांतपणे केलेली नोंद हीच खरी साक्ष होय. यास्तव दरवर्षी तेच पीक आहे, त्यात नोंदविण्यासारखे काय, असे वाडीवाल्यांनी म्हणू नये. झाडे वाढतात, मरतात, नवी लावली जातात. दप्तरात त्यांचा हिशेब चालू स्थितीचा असावयास पाहिजे.

चूक झाली तर ती दुरुस्त करता येते. २०२२ साली आलेल्या ॲपच्या दुसऱ्या आवृत्तीपासून नोंद केल्यावर ४८ तासांच्या आत ती दुरुस्त करण्याची सोय खातेदारास देण्यात आली. मात्र ही सोय कोणास उपयोगी पडेल? ज्याने आपली नोंद पुन्हा उघडून वाचली त्यालाच. जो बटण दाबून फोन खिशात टाकतो त्याचे ४८ तास नकळत निघून जातात. दुरुस्ती करतानाही आधी जुनी नोंद आणावी, वाचावी व मगच तीत बदल करावा. एकाच खात्यावर भाऊ-भाऊ असतील व दोघांच्या फोनवरून माहिती भरली जात असेल तर आधी आपापसांत बोलावे. नाही तर एकाने लिहिलेले बरोबर असताना दुसरा न वाचता त्यावर चुकीचे लिहून बसतो. जुने तलाठी सातबारावरील जुने नाव खोडून टाकीत नसत. त्यास कंस करीत व बाजूस फेरफाराचा क्रमांक लिहीत. आधी काय होते, नंतर काय झाले व का झाले, हे तिन्ही त्या एका ओळीत दिसत असे. फोनवर कंस करता येत नाही. म्हणून बदलापूर्वीची नोंद व बदलानंतरची नोंद आपण आपल्या वहीत तारखेसह लिहून ठेवावी, अशी आमची सूचना आहे.

आता जतन करण्याविषयी. ज्या शेतात रेंज नाही तेथेही माहिती भरता येते, कारण ती फोनमध्ये साठविली जाते. ही सोय चांगली आहे. पण तिच्यामुळेच काम झाल्याचा भास निर्माण होतो. अपलोड होईपर्यंत ती माहिती केवळ त्या एका यंत्रात असते. फोन पाण्यात पडला, बिघडला, विकला गेला किंवा त्यातील ॲप काढून टाकले तर ती नाहीशी होऊ शकते व कोणत्याही कचेरीतून ती परत मिळत नाही. म्हणून शेतातून परतताना रेंज मिळेल त्या पहिल्या जागी थांबून अपलोड करावे. त्यानंतर पिकाची माहिती पुन्हा मागवून पाहावी. ती परत आली व वाचल्यावर बरोबर ठरली तरच नोंद पोहोचली. तोपर्यंत ॲप काढू नये व फोन कोणास देऊ नये. फोटो गटाच्या हद्दीत उभे राहूनच काढावयाचा असल्यामुळे एकदा गेलेली माहिती घरबसल्या पुन्हा भरता येत नाही. शेतात नव्याने जावे लागते, आणि तोपर्यंत पीक निघून गेले असेल तर जाऊनही उपयोग नसतो.

एवढी दगदग कशासाठी, असे कोणी विचारील. त्यास आमच्याच तालुक्याचा इतिहास उत्तर देतो. चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला. तो १९३९ पर्यंत चालला. जमीन ओसाड राहिली, माणसांनी उपासमार सोसली, परंतु संप मोडला नाही. पिढ्यान्पिढ्या जमीन कसूनही तिच्यावरील हक्क दाखविण्यास कागद नाही, हेच कुळाचे मोठे दुःख होते. पुढे १९४८ चा कूळकायदा आला, १९४९ मध्ये खोती नष्ट करणारा कायदा झाला व १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरला. त्या दिवशी जमीन कोण कसतो हा प्रश्न निर्णायक होता, आणि त्याचे उत्तर शोधताना पीक पाहणीतील नोंदीस मोठे महत्त्व आले. ज्यांचे नाव पाहणीत होते त्यांची बाजू भक्कम झाली. ज्यांचे नव्हते त्यांस साक्षीपुरावे गोळा करीत कचेऱ्यांचे उंबरे झिजवावे लागले. गाव नमुना बाराची ही ओळ दिसावयास लहान आहे. पण तिच्यावर माणसांची घरे उभी राहिली आहेत. आज तिच्यावर नुकसानीची मदत, पीककर्ज, विमा व भाताची हमीभावाने खरेदी अवलंबून असते.

या व्यवस्थेवर घेतला जाणारा आक्षेप आम्हास ठाऊक आहे. सरकारने आपले काम शेतकऱ्याच्या गळ्यात बांधले, असे पुष्कळ जण म्हणतात. त्यात तथ्य नाही असे नाही. ज्याच्याजवळ चांगला फोन नाही, ज्यास वाचता येत नाही, जी वृद्ध माता एकटीच शेत सांभाळते, त्यांच्यावर हे ओझेच होय. तरीही नोंद पुन्हा केवळ कचेरीवर सोपवावी, हे आमचे मत नाही. पाहणी चावडीत बसून केली जाते व मागील वर्षाचेच पीक पुढे ओढले जाते, ही तक्रार जुन्या काळी गावोगाव ऐकू येत असे. शेतात उभे राहून, पिकाकडे पाहून लिहिलेली नोंद अधिक खरी असते, आणि ती शेतकऱ्याने स्वतः लिहिली तर तिच्यातील चूक त्याला लवकर समजते. म्हणून काम खातेदारानेच करावे. मात्र त्यास एकटे सोडू नये.

येथेच गावपातळीवरील कार्यकर्त्याचे कर्तव्य सुरू होते. उरलेल्या गटांच्या नोंदीसाठी आता सहायक नेमले जातात. तलाठ्याचे पदनाम २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे. त्यांच्याकडेही पडताळणीचे काम आहे. या सर्वांनी एक पथ्य पाळावे. दुसऱ्याच्या वतीने नोंद करताना खातेदारास किंवा त्याच्या घरच्या माणसास शेतात बरोबर घ्यावे व भरलेली माहिती त्यास वाचून दाखवावी. किती नोंदी झाल्या हा आकडा वरच्या कचेरीस हवा असतो हे खरे. परंतु चुकीच्या शंभर नोंदींपेक्षा खऱ्या साठ नोंदी गावाच्या अधिक उपयोगाच्या आहेत.

मांडव्यासारख्या गावी आणखी एक अडचण आहे. २०२० साली रो-रो बोट सुरू झाल्यापासून मुंबईचा माणूस मोटारीसह सुमारे तासाभरात येथे उतरतो. किनाऱ्यावरील पुष्कळ जमिनींचे खातेदार गावात राहत नाहीत. त्यांतील काही तुकडे गावातील माणसे तोंडी बोलीवर कसतात. ॲपमध्ये नाव खातेदाराचे येते. तो शेतात नसतो. जो शेतात असतो त्याचे नाव यादीत नसते. परिणामी पीक उभे असूनही गट बिननोंदीचा राहतो किंवा पड दिसतो, आणि बियाणे, मजुरी व घाम ज्याचा गेला त्याच्या हाती नुकसानीच्या वेळी काहीच येत नाही. हा प्रश्न ॲपने सुटणारा नाही, हे स्पष्टपणे मान्य केले पाहिजे. पण निदान पिकाची नोंद तरी खरी व्हावी. सहायकाने अशा गटात जाऊन जे दिसते तेच लिहावे. मालकाच्या सांगण्यावरून उभे पीक पड दाखवू नये, अथवा पड जमिनीत पीक उभे करू नये. खातेदारांनीही पेरणीपूर्वीच आपली बोली काय आहे, नोंद कोण करणार व मदत आल्यास ती कोणाची, हे कसणाऱ्याशी बोलून ठरवावे.

शेवटी एक सूचना मांडतो. सातबाराच्या चुका शोधण्यासाठी चावडी वाचनाची पद्धत आपल्याकडे प्रचलित आहे. लोकांना एकत्र बसवून उतारे मोठ्याने वाचावयाचे व हरकती तेथल्या तेथे लिहून घ्यावयाच्या, अशी ती साधी पद्धत आहे. तीच पीक पाहणीस लावावी. हंगामाची मुदत संपण्यापूर्वी निदान आठ दिवस आधी प्रत्येक गावात एका संध्याकाळी पाहणीचे वाचन व्हावे. ॲपमध्ये गावातील खातेदारांची पाहणी बघण्याची सोय आहे. तिचा उपयोग करून गटवार नाव, पीक व क्षेत्र वाचावे. ज्याची नोंद फोनमध्येच अडकली आहे त्याला त्याच क्षणी ते कळेल, व मुदत शिल्लक असल्यामुळे तो दुसऱ्या दिवशी सकाळी आपली नोंद पुरी करील. ज्याचे क्षेत्र चुकले आहे त्याला शेजारीच सांगेल, कारण कोणाचे किती भात झाले हे गावास ठाऊक असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांना ऐकता तर येते. यास खर्च नाही. एक संध्याकाळ, एक दिवा व वाचणारा एक मनुष्य एवढे पुरे. ॲप चालविणाऱ्यांनीही एवढे करावे की, माहिती फक्त फोनमध्ये आहे की दप्तरात पोहोचली आहे, हे मोठ्या अक्षरांत व साध्या मराठीत दाखवावे. हा फरक शेतकऱ्याने तर्काने ओळखावा, अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे.

शेतकरी बंधुभगिनींनो, बी पेरल्यावर आपण शेताकडे पाठ फिरवीत नाही. चार-आठ दिवसांनी उगवण पाहावयास जातो, आणि जेथे नांग्या पडल्या असतील तेथे पुन्हा बी टोचतो. नोंदीचेही असेच करावे. ती आणावी, वाचावी, बदलावी, पाठवावी व उगवली की नाही हे पुन्हा पाहावे. डोंगरपायथ्याच्या त्या काकांनी पुढील वर्षी वाल पेरला. शेतातून परतताना रेंज मिळताच ते रस्त्याच्या कडेस थांबले, नोंद पाठविली, पुन्हा उघडली व नातवाकडून मोठ्याने वाचून घेतली. त्या दिवशी त्यांचे काम खऱ्या अर्थाने पुरे झाले.